खरं पत्र दुसऱ्याच्या पत्त्यावर

एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला एक पेपर होता. अमेरिकेतल्या अगदी सुरुवातीच्या कादंबऱ्या, म्हणजे तो देश नुकता स्वतंत्र झाला तेव्हाच्या. त्यातल्या बऱ्याचशा पत्रांतून लिहिलेल्या. गोष्ट सांगणारा कुणी नसतोच. एकामागून एक पत्रं येत राहतात आणि त्यांतून जे कळेल ते कळतं. वर्गात आम्ही अकरा जण होतो आणि त्यातल्या दहांना हा पेपर शिक्षा वाटायचा. जवळजवळ प्रत्येक कादंबरीत एक तरुण मुलगी असते, तिला कुणीतरी गोड गोड लिहून फसवतो आणि शेवटी ती घरापासून लांब, परक्या खोलीत मरते. नवीन पुस्तक उघडायच्या आधीच आमच्यातला एक जण विचारायचा, "मॅडम, ही पण मरते का?"

मॅडम निवृत्तीला आल्या होत्या. त्यांना राग येत नसे. "मरते," त्या म्हणायच्या. "ते धरूनच चालायचं. कोणत्या पत्रापर्यंत तिला मागे फिरता आलं असतं, तेवढं शोधा."

मला तो पेपर मनापासून आवडला. वर्गात मी हे कधी बोलले नाही, पण मी वर्गात काहीच बोलत नसे. मला समोरासमोर बोलता येत नाही. कुणी काही विचारलं तर उत्तर मला घरी पोचल्यावर सुचतं. या कादंबऱ्यांतल्या माणसांना मात्र ती सोय होती. कुणीही तोंडावर काही बोलत नव्हतं. सगळे आपापल्या टेबलाशी बसून, विचार करून लिहीत होते. आणि एका मुलीने कुणाला काय उत्तर द्यावं, हा प्रश्न चारशे पानं पुरेल इतका मोठा आहे, असं त्या लेखकांना वाटत होतं. मला त्याचंच अप्रूप होतं. आमच्याकडे त्या प्रश्नाला पंधरा दिवस मिळतात.

मला ते पंधरा दिवस त्याच हिवाळ्यात मिळाले.

स्थळ काकूने आणलं होतं. काकू म्हणजे माझ्या धाकट्या काकांची बायको. त्यांची द्राक्षबाग पिंपळगावच्या अलीकडे आहे, आणि हंगामात काकू तिथल्या एका पॅकहाऊसमध्ये, म्हणजे निर्यातीची द्राक्षं निवडून डब्यांत भरतात तिथे, घड निवडणाऱ्या बायकांची प्रमुख असते. मुलगा नाशिकलाच, अंबडच्या एका कारखान्यात इंजिनियर, घरची बाग, आई-वडील गावाकडे. बघण्याचा कार्यक्रम आमच्या सातपूरच्या घरी झाला. मी पोहे दिले, तीन प्रश्नांची उत्तरं दिली आणि पूर्ण वेळ त्याच्या बुटांच्या नाड्यांकडे पाहत होते. उठताना त्याचे वडील माझ्या बाबांना म्हणाले, "पोरांना बोलू द्या फोनवर. पंधरा दिवसांनी रविवारी तुम्ही कळवा, आम्ही कळवतो."

एक गोष्ट कुणी काढली नाही. त्याचा आधी एकदा साखरपुडा झाला होता आणि तो मोडला होता. काकूने आईला ते आधीच सांगून ठेवलं होतं. "दोन्हीकडून समजुतीनं झालं. आता उकरून काढायचं नाय," असं ती म्हणाली होती, आणि आमच्याकडे काकू असं म्हणाली की कुणी उकरून काढत नाही.

त्याने फोन केला नाही, मेसेज केला. देवनागरीत, पूर्णविरामांसकट. मला फार बरं वाटलं. मग घाम फुटला, कारण आता मला मराठीत लिहावं लागणार होतं. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. तिथे पत्रलेखन शिकवलं होतं ते असं, की उजव्या कोपऱ्यात तारीख, मग मायना, मग खुशाली, मग विषय, मग पुन्हा खुशाली. मी वहीत कच्चं लिहायचे, खाडाखोड करायचे, आईच्या जुन्या शब्दकोशात पाहायचे, आणि मग फोनवर उतरवायचे. माझ्या पहिल्या मेसेजची सुरुवात 'आपला संदेश मिळाला, वाचून आनंद झाला' अशी होती. तो सकाळच्या आणि दुपारच्या चहाच्या सुट्टीत लिहायचा. त्याच्या ओळी सरळ आणि सुरेख असायच्या. एकदा त्याने लिहिलं की रात्रपाळी संपवून बाहेर पडलेली माणसं आणि सकाळच्या पाळीची माणसं गेटपाशी एकमेकांना ओलांडतात तेव्हा कुणीच कुणाला 'कसा आहेस' विचारत नाही, नुसती एकमेकांच्या डब्याकडे बघतात. मी ते चार वेळा वाचलं.

आणि म्हणूनच मला धडकी भरली. कारण त्या आठवड्यात वाचत असलेल्या कादंबरीत सगळ्यात चांगली पत्रं तोच लिहीत होता, जो तिला बुडवणार होता. सरळमार्गी माणसाची पत्रं वाचताना जांभई येत होती.

त्या शनिवारी मी काकूकडे गेले. अभ्यासाची सुट्टी लागली होती, आणि हंगामात काकू घरी सापडत नाही, तेव्हा पॅकहाऊसवरच गेले. डोक्याला टोपी, हाताला मोजे घालून तिने मला डब्यांवर स्टिकर लावायच्या टेबलावर बसवलं. शेजारच्या लांब टेबलाशी बायका उभ्या होत्या. त्यांचं काम मी तोवर नीट पाहिलंच नव्हतं. घड देठाला धरायचा, मण्यांना बोट लावायचं नाही, नाहीतर वरची पांढुरकी भुकटी पुसली जाते आणि द्राक्ष शिळं दिसतं. मग मनगट वळवून तो उलटा करायचा. घडाच्या पोटात, देठाच्या आत बघायचं. एखादा मणी फुटलेला, सडलेला असला तर बारीक कात्रीने तेवढाच काढायचा. नवीन आलेली एक मुलगी समोरून बघूनच घड डब्यात ठेवत होती. काकूने तो डबा तिच्यापुढे परत आणून ठेवला.

"वरून समदेच घड देखणे असतात, बाई. पोट बघितलं का?"

जेवणाच्या सुट्टीत काकूने विचारलं, "काय वाचती एवढं? परीक्षेचं हाय का?" मी गोष्ट सांगितली. मला वाटलं होतं, दोन वाक्यांत आटपेल. पण काकू प्रश्न विचारत गेली, आणि डबे उघडून बसलेल्या बायका जवळ सरकल्या. मी इतक्या माणसांसमोर सलग इतकी वाक्यं याआधी कधी बोलले नव्हते. कदाचित त्या माझ्याकडे न बघता भाकरी मोडत होत्या म्हणून जमलं.

"म्हंजी ती तिच्या मैत्रिणीला पत्र लिहिती," काकू म्हणाली, "आन तो त्याच्या मित्राला."

"हो. तिला तो लिहितो की तुझ्याशिवाय जगणार नाही. आणि मित्राला लिहितो की आठ दिवसांत येईल बघ हाताशी."

"आन आपल्याला दोन्ही वाचाय मिळतंय."

"आपल्याला मिळतं. तिला नाही."

"हे लय वाईट हाय," टेबलाच्या टोकाला बसलेली एक वयस्कर बाई म्हणाली. सगळ्या तिला मावशी म्हणायच्या. "आपल्याला ठावं आन तिला नाय. कुनी जाऊन सांगत का नाय तिला?"

"मैत्रीण सांगते ना. प्रत्येक पत्रात सांगते."

"मग?"

"ती ऐकत नाही."

"ऐकंल कशी? मैत्रीण नुसती नको नको म्हनती, त्यो गोड बोलतोय," मावशी म्हणाल्या, आणि हशा पिकला. "आमच्या येळला बरं व्हतं. लिहिताच येत नव्हतं कुनाला, फसवतो कशाला."

"न लिहिता बी फसवलंच की तुमाला मावशी, चार लेकरं झाली," दुसरी म्हणाली.

काकू हसली नाही. ती विचार करत होती. "मला सांग, तो तिला काही विचारतो का?"

"विचारतो की. भेटशील का, येशील का, माझी होशील का."

"हे मागनं झालं. विचारनं वेगळं. तुला काय वाटतं, तू काल का रुसलीस, तुझी आई कशी हाय, असं काही विचारतो का?"

 पुस्तक पिशवीत होतं. दुपारभर मी स्टिकर लावता लावता मनात पानं उलटत राहिले, आणि परतीच्या एसटीत ते खरंच उघडलं. पिंपळगाव ते नाशिक मी फक्त त्याची पत्रं वाचली. काकू बरोबर होती. त्या माणसाने तिला एकदाही असं काही विचारलं नव्हतं ज्याचं उत्तर त्याला आधी माहीत नव्हतं. तिच्याबद्दल जे काही जाणून घ्यायचं ते तो दुसऱ्यांना विचारत होता. आणि स्वतःबद्दलचं जे खरं होतं ते फक्त मित्राला लिहीत होता. खरं पत्र नेहमी दुसऱ्याच्या पत्त्यावर जात होतं. मी समासात तसंच लिहून ठेवलं. पुढे माझा प्रकल्प त्याच एका वाक्यावर उभा राहिला. मॅडमनी त्याखाली लाल शाईने रेघ मारली आणि हे कुठे सापडलं असं विचारलं. मी म्हटलं, काकूकडे. त्यांना ते खरं वाटलं नसावं.

पण त्या शनिवारचं अजून एक सांगायचं राहिलं आहे, जे मी मॅडमना सांगितलं नाही.

जेवणं झाल्यावर काकू म्हणाली, "आन आपला काय लिहितोय? दाखव बरं." मी फोन पुढे केला. तिचा चष्मा घरी राहिला होता. "तूच वाच." मी हळू आवाजात वाचलं. पण डबे पुढे सरकवणारं यंत्र सुट्टीत बंद होतं, आणि पॅकहाऊसमध्ये यंत्र बंद असलं की हळू आवाजही भिंतीपर्यंत जातो. गेटचा, डब्यांचा मेसेज वाचून झाल्यावर वर पाहिलं तर सगळ्या ऐकत होत्या. मावशी म्हणाल्या, "ह्यो लिहितो झ्याक." मला आनंद झाला, हे मी कबूल करते. मी आणखी दोन वाचले.

घरी आल्यावर मी काकूची कसोटी त्याला लावून पाहिली. फोनवर वर वर सरकत पहिल्या दिवसापर्यंत गेले. तुम्ही इतकं हळू का बोलता. कविता शिकवायला आवडेल की गद्य. त्या दिवशी पोह्यांची ताटली देताना तुम्ही हसलात, कशाला. त्याचे प्रश्न जागोजाग होते. साधे, कधी वेडेवाकडे, पण ज्यांची उत्तरं त्याला माहीत नव्हती असे. आणि त्यांच्याखाली माझी उत्तरं होती, एखादं सोडलं तर परीक्षेत पाच गुणांना लिहावीत तशी. शुद्ध, नेटकी, आणि कुणाही मुलीने कुणाही मुलाला पाठवावीत अशी. मी एकही प्रश्न विचारला नव्हता. आठवडाभरात एकही नाही. समोरून देखणा, आत कुणाला बघू न देणारा घड माझाच होता.

तेव्हा मी काकूला फोन केला आणि विचारलं, त्याचा साखरपुडा का मोडला.

तिने आधी टीव्हीचा आवाज बंद केला. मग म्हणाली, "मला ठावं नाय. तिकडच्यांनी जे सांगितलं तेच मी तुमाला सांगितलं. मी बी वरचाच थर दाखवला, पोरी." आणि लगेच, "दुसऱ्याला विचारू नको. त्यालाच विचार."

"त्याला राग आला तर? तुमचं नाव खराब होईल."

"होऊ दे की. माझं नाव काय निर्यातीला जायचंय?"

काकूचं शिक्षण सातवीपर्यंत झालं आहे. मी त्या वर्षी जेवढे समीक्षक वाचले, त्यातल्या कुणाबद्दल मला तेवढा आदर वाटला नाही.

गुरुवारी मी विचारलं. वहीत सहा वेळा लिहून, शेवटी एकच ओळ पाठवली. तुमचा साखरपुडा का मोडला, हे मला तुमच्याकडून कळायला हवं आहे. दुपारच्या चहाला उत्तर आलं नाही. शुक्रवारी सकाळच्या चहालाही नाही. रविवारी बाबांना कळवायचं होतं. आई मधूनमधून माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. मी मनात नकाराची तयारी करून ठेवली, आणि ती करताना मला जेवढं वाईट वाटलं त्यावरून मला काय हवं होतं ते कळलं.

शुक्रवारी संध्याकाळी उत्तर आलं. लांबलचक होतं, आणि पहिल्यांदाच त्यात पूर्णविराम जागेवर नव्हते. त्याने लिहिलं होतं की त्या मुलीने विश्वासाने त्याला स्वतःबद्दलची एक गोष्ट लिहून कळवली होती. ती काय होती हे त्याने मला सांगितलं नाही, आणि आज मला माहीत असतं तरी इथे लिहिलं नसतं, ती तिची आहे. त्याने ती आईला वाचून दाखवली. लपवायला नको म्हणून, असं तेव्हा स्वतःला सांगितलं, पण खरं तर एकट्याने निर्णय घ्यायचा नव्हता म्हणून. आईने मामांना सांगितलं. लग्न मोडलं ते मोठ्यांनी. मधले नऊ दिवस ती त्याला लिहीत होती. शेवटी तिने लिहिलं, निदान एक ओळ तरी लिहा. त्याने लिहिली नाही. दोन महिन्यांनी त्याने माफी मागितली, तिने उत्तर दिलं नाही. बरोबरच केलं, असं त्याने लिहिलं होतं. आणि शेवटी एवढंच, की समजुतीनं मोडलं असं सगळे सांगतात, तसं झालं नाही, गप्प मी बसलो.

मी ते गच्चीवर उभी राहून वाचलं. समोर कारखान्यांची पाळी सुटत होती, मोटारसायकली रस्त्यावर ओतल्यासारख्या येत होत्या. मला पहिल्यांदा त्या मुलीचं वाईट वाटलं. अजूनही वाटतं. त्याच्या प्रामाणिकपणाने तिला काही परत मिळालं नाही. पण नंतर मला समासातलं ते वाक्य आठवलं. ज्या पत्रात माणूस स्वतःविरुद्ध साक्ष देतो ते पत्र मी वर्षभर वाचलेल्या एकाही कादंबरीत त्या मुलीच्या हाती पडलं नव्हतं. ते मित्राला जायचं, आणि तिला कळायचं तेव्हा उशीर झालेला असायचा. हे माझ्या पत्त्यावर आलं होतं, वेळेत.

आता विश्वास ठेवायचा की नाही, एवढाच प्रश्न राहिला होता. मी दुसरा प्रश्न विचारला. माझे मेसेज तुम्ही कुणाला दाखवता?

या वेळी उत्तर लगेच आलं. पहिले चार आईला दाखवले होते. पाचव्यात तुम्ही लिहिलं होतं की वर्गात तुम्हाला बोलता येत नाही. तो दाखवला नाही. त्यानंतरचे नाही.

मी खाली आले. आई कणीक मळत होती. बाबा तिच्याशी बोलत होते, रविवारची वाट न बघता उद्याच फोन केला तर बरं दिसेल का, असं काहीतरी. मला बघून म्हणाले, "मग काय कळवायचं बेटा?"

"आधी मला त्याला एक कळवायचंय," मी म्हटलं. "मग तुम्ही कळवा."

"त्याला काय ते कळवशील, आम्हाला काय कळवायचं ते सांग ना."

"हो कळवायचं," मी म्हटलं. "पण माझं कळवून झाल्यावर. ते वाचून तोच नको म्हणाला तर तुमची पंचाईत होईल."

आईचा हात परातीत थांबला. "असं काय केलंस तू?"

आधी त्याला सांगते, असं म्हणून मी खोलीत जाऊन बसले. वही काढली नाही. कारण ती काढली असती तर तारीख, मायना आणि खुशाली आलीच असती, आणि मी पुन्हा नेटकी झाले असते. त्याने दोन वर्षांपूर्वी एका मुलीचं पत्र एका माणसाला वाचून दाखवलं होतं, आणि त्याबद्दल तो स्वतःला माफ करत नव्हता. मी सहा दिवसांपूर्वी त्याची तीन पत्रं सोळा बायकांना वाचून दाखवली होती, आणि वर आनंदले होते. त्याला विचारताना मी न्यायाधीशासारखी ओळ लिहिली होती. माझं मात्र पोटात ठेवलं होतं.

मी सरळ फोनवरच लिहायला घेतलं. ऱ्हस्व-दीर्घ बघितलं नाही. तुमचे मेसेज मी दाखवले आहेत. काकूला पॅकहाऊसमध्ये वाचून दाखवले आणि तिथल्या सगळ्या बायकांनी ऐकले. मी हळू वाचलं पण यंत्र बंद होतं. मला ते थांबवता आलं असतं, मी थांबवलं नाही, कारण त्यांना ते आवडत होतं आणि मला बरं वाटत होतं. मी तुम्हाला अकरा दिवस काही विचारलं नाही कारण मी घाबरले होते की तुम्ही चांगलं लिहिता. हे वाचून तुम्हाला रविवारी नको असं कळवायचं असेल तर कळवा.

पाठवलं. मेसेजखाली दोन खुणा उमटल्या, निळ्या झाल्या. तो लिहितो आहे असं दिसलं, मग दिसेनासं झालं, मग पुन्हा दिसलं. बाहेर आई बाबांना विचारत होती, "काही कळलं का तुम्हाला?" आणि बाबा म्हणत होते, "थांब जरा, ती सांगेल."

मग त्याचं उत्तर आलं. एवढंच होतं.

त्या बायका काय म्हणाल्या?